तिमाही हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती?

पाटण तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामांकडे जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्या महिन्यापासून घरात येणारा प्रत्येक पैसा त्या वहीत तारखेनिशी उतरतो. पेन्शन, पोस्टाचं व्याज, कारखान्याकडून आलेलं उसाचं बिल. गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "अगं, ही बघ माझी नवी एफडी. दर तीन महिन्यांनी व्याज येतं, बँकेपेक्षा जास्त. फक्त हे १४० रुपये कुणी कापले तेवढं सांग."

ओळ अशी होती: 'वीज ट्रस्ट, व्याज, रु. २,३६०.'

ती एफडी नव्हती, आणि आलेली सगळी रक्कम व्याजही नव्हती. मामांनी एका ओळखीच्या गृहस्थाच्या सांगण्यावरून १०० रुपयांना एक याप्रमाणे हजार युनिटं घेतली होती. म्हणजे एक लाख रुपये. त्यांचा ई-मेल उघडून मी ट्रस्टने पाठवलेलं वितरणाचं पत्रक काढलं. प्रति युनिट अडीच रुपये दिले होते. त्यात व्याज १ रुपया ४० पैसे, लाभांश २० पैसे आणि भांडवल परतफेड ९० पैसे. व्याजाच्या १,४०० रुपयांवर दहा टक्के टीडीएस कापला, तेच ते १४० रुपये. कपातीचा उलगडा झाल्यावर मामा खूश झाले. पण मला काळजी वाटत होती ती त्या ९० पैशांची. ते मामांचेच पैसे होते, त्यांच्याकडेच परत आलेले, आणि ते व्याज समजून घरखर्चात गेले होते.

सौर, पवन आणि वीजवहनाच्या प्रकल्पांत पैसे गुंतवून नियमित उत्पन्न मिळवण्याची सोय आता सामान्य माणसालाही झाली आहे. ती वाईट नाही, मी स्वतःही थोडे पैसे त्यात ठेवले आहेत. पण ज्यांनी आयुष्यभर फक्त मुदत ठेव पाहिली, त्यांनी यात उतरण्याआधी हप्त्याची फोड करायला शिकलंच पाहिजे. हा लेख त्यासाठी आहे.

आपल्याकडे या प्रकाराला इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट म्हणतात, बोलताना इन्व्हिट. सेबीने त्याचे नियम २०१४ मध्ये केले आणि पहिले ट्रस्ट बाजारात आले २०१७ मध्ये. कल्पना सोपी आहे. उभे राहिलेले, कमावते झालेले प्रकल्प एका ट्रस्टमध्ये घालायचे, त्या ट्रस्टची युनिटं लोकांना विकायची आणि प्रकल्पातून येणारी रोकड युनिटधारकांत वाटायची. सार्वजनिक ट्रस्टला किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेल्या आणि उत्पन्न देणाऱ्या प्रकल्पांत ठेवावी लागते. वाटण्याजोगी जी निव्वळ रोकड उरते तिच्यातली किमान ९० टक्के वाटावीच लागते, तीही सहा महिन्यांतून एकदा तरी. बरेच ट्रस्ट दर तिमाहीला वाटतात. सुरुवातीला यात शिरायला किमान दहा लाख रुपये लागत. २०१९ मध्ये ती मर्यादा एक लाखावर आली. २०२१ मध्ये पहिल्या विक्रीत दहा ते पंधरा हजार आणि नंतर बाजारात चक्क एक युनिट, इथवर दार उघडलं. मामांच्या वहीत ही ओळ आली ती त्यामुळेच.

नियमात 'वाटावीच लागते' असं आहे, 'अमुक इतके रुपये वाटावे लागतात' असं नाही. रोकड कमी आली तर हप्ता कमी होतो, आणि त्याची हमी कुणीही घेतलेली नसते.

नावं सांगते, म्हणजे शोधताना गोंधळ होणार नाही. २०१७ च्या जूनमध्ये इंडिया ग्रिड ट्रस्ट या नावाने, १०० रुपयांच्या युनिटने सुरू झालेला इंडिग्रिड हा मुळात वीजवाहिन्यांचा. २०२१ मध्ये त्याने आंध्र प्रदेशातले १०० मेगावॉटचे सौर प्रकल्प घेतले आणि २०२३ मध्ये व्हायरेसंट हा सौर प्रकल्पांचा आख्खा ट्रस्टच विकत घेतला. दुसरा पॉवरग्रिड इन्व्हिट, २०२१ च्या मे महिन्यात आलेला, सरकारी पॉवरग्रिड कंपनीने उभा केलेला. त्याच्याकडे पाच प्रकल्पांच्या मिळून सुमारे ३,७०० सर्किट किलोमीटर वीजवाहिन्या आहेत. त्यातल्या दोन प्रकल्पांची नावं आपल्या ओळखीची आहेत, परळी आणि वरोरा. सस्टेनेबल एनर्जी इन्फ्रा ट्रस्टसारखे निव्वळ अपारंपरिक ऊर्जेचे ट्रस्टही आहेत, पण ते खासगी विक्रीचे. तिथे एका व्यवहारालाच लाखांत पैसे लागतात, त्यामुळे पेन्शनरांनी तिकडे पाहायचं कारण नाही.

'एनर्जी' नावाचे म्युच्युअल फंड ही तर वेगळीच गोष्ट. ते वीज, तेल, वायू कंपन्यांचे शेअर घेतात, त्यांचा भाव वर-खाली होतो आणि नियमित उत्पन्न हा त्यांचा हेतूच नसतो. नावं सारखी वाटतात म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. मामा ऊस लावतात, म्हणून मी त्यांना उसाच्याच भाषेत सांगितलं. लागणीचा ऊस तुटला की खोडवा येतो, मग निडवा. बेणं, नांगरट, सरी यांचा खर्च पुन्हा नसतो, म्हणून खोडव्याचं बिल नुसता नफा वाटतं. पण बेट थकत जातं आणि एके दिवशी रान मोडून नवी लागण करावीच लागते. सौर प्रकल्प तसाच आहे. वीज विकायचा करार साधारण २५ वर्षांचा, दर बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून ठरलेला आणि तेवढाच राहणारा. पॅनेलची ताकद दर वर्षी अर्धा टक्क्याच्या आसपास घटते. करार संपला, की जुनी पॅनेलं, भाड्याची जमीन आणि ग्रिडची जोडणी एवढंच हातात उरतं. एफडीत मुदत संपल्यावर मुद्दल जसंच्या तसं मिळतं. इथे ते शेवटी मिळत नाही, दर हप्त्याबरोबर थोडं थोडं परत येत असतं.

आकड्यात पाहा. समजा १०० रुपयांचं युनिट घेतलं, वर्षाला १० रुपये येतात आणि प्रकल्पाचं आयुष्य संपल्यावर हातात शून्य उरतं. दलाल याला 'दहा टक्के यील्ड' म्हणतो. पण हे १० रुपये २५ वर्षं मिळाले तर खरा परतावा वर्षाला सुमारे ८.८ टक्के पडतो. २० वर्षं मिळाले तर पावणेआठ. आणि १५ वर्षंच मिळाले तर साडेपाचच्या थोडा वर. हप्ता तोच, भाव तोच, फरक फक्त उरलेल्या वर्षांचा. म्हणून 'यील्ड किती' या प्रश्नाआधी 'करार सरासरी किती वर्षं उरलेत' हा प्रश्न विचारा. त्याचं उत्तर ट्रस्टच्या वार्षिक अहवालात असतं आणि अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

यावर ट्रस्टवाले म्हणतील की आम्ही नवे प्रकल्प घेत राहतो. बरोबर आहे, तीच नवी लागण. पण बहुतेक रोकड वाटून टाकली असल्यामुळे नवे प्रकल्प येतात ते कर्ज काढून किंवा नवी युनिटं विकून. ते कोणत्या भावाने येतात यावर तुमचा पुढचा हप्ता ठरतो. चांगल्या व्यवस्थापनाची परीक्षा इथे होते. नवा प्रकल्प आल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रति युनिट वाटप वाढलं की नाही, एवढं तपासा. एकूण मालमत्ता किती हजार कोटींनी वाढली हे सांगणाऱ्या बातमीचा तुम्हाला उपयोग नाही.

एक बारकावा इथेच सांगते. पत्रकातली 'भांडवल परतफेड' ही कायद्याच्या हिशोबातली ओळ असते. ट्रस्टने प्रकल्पाच्या कंपनीला दिलेलं कर्ज फिटलं, की ते त्या नावाने तुमच्यापर्यंत येतं. प्रकल्पाची झीज आणि ही रक्कम तंतोतंत जुळतेच असं नाही. पत्रकात सगळं व्याजच दाखवलं तरी मालमत्तेचं आयुष्य सरतच असतं. म्हणून दोन्ही बघा, पत्रकातली फोडही आणि उरलेली वर्षंही.

मामांच्या घराच्या मागच्या अंगणातून वर पाहिलं की वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. पैसे देणारा कोण आणि किती वर्षं, हा धडा त्यांच्याइतका जवळून दुसरीकडे मिळणार नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००३ मध्ये पवन ऊर्जेसाठी दर ठरवला होता. पहिल्या वर्षी विजेच्या युनिटला साडेतीन रुपये, मग दर वर्षी १५ पैशांची वाढ, आणि करार १३ वर्षांचा. चौदाव्या वर्षीही पाती फिरत राहिली, वाराही तोच होता, पण हमीचा दर संपला होता आणि पुढची वीज बऱ्याच कमी दराने द्यावी लागली. यंत्राचं आयुष्य आणि कराराचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हप्ता कराराच्या जिवावर येतो.

करार असूनही अडचण येऊ शकते. २०१९ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने जुने पवन आणि सौर करार महाग आहेत म्हणून दर पुन्हा ठरवायला काढले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तात्पुरते म्हणून युनिटला अडीच रुपयांहून कमी दराने पैसे मिळत राहिले आणि करारातलेच दर द्यावेत हा निकाल २०२२ च्या मार्चमध्ये आला. कंपन्या जिंकल्या, पण मधली अडीचेक वर्षं त्यांनी कशी काढली असतील याचा विचार करा. तुमच्या ट्रस्टची वीज कोण घेतं ते पाहा. केंद्राचं सोलर एनर्जी कॉर्पोरेशन मध्ये असेल तर धोका थोडा कमी. थेट एखाद्या राज्याची वीज वितरण कंपनी असेल तर तिच्याकडे किती महिन्यांची थकबाकी आहे ते अहवालात शोधा. जुने चढे दर असलेले करार दिसायला छान असतात, पण नवी सौर वीज अडीच रुपयांच्या आसपास मिळत असताना तेच करार राज्यांच्या डोळ्यांत खुपतात.

वीजवाहिनीचं गणित याहून सुखाचं आहे. तिचे पैसे वीज किती वाहिली यावर नसतात, तार वर्षातला ठरलेला वेळ चालू स्थितीत होती का यावर असतात. आंतरराज्य वाहिन्यांची वसुलीही देशभरच्या वापरकर्त्यांकडून एकत्र गोळा होऊन वाटली जाते, त्यामुळे एका राज्याने हात आखडला तरी सगळं अडत नाही. सौर प्रकल्पाला ढगाळ वर्ष सोसावं लागतं. पवनचक्कीचं तर वर्षाचं बरंचसं उत्पन्न पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतं आणि ते चार महिने वारा पडला तर वर्ष गेलं. म्हणून अहवालात 'पी-९०' असा आकडा दिसला तर तो धरा, त्याचा अर्थ दहातली नऊ वर्षं तरी इतकी वीज निघेल. 'पी-५०' म्हणजे निम्मी वर्षं तेवढी निघेल आणि निम्मी वर्षं निघणार नाही, त्यावर घरखर्च बांधू नये. शिवाय राजस्थानात अलीकडे असंही झालं की ऊन होतं, पॅनेलं होती, पण वीज वाहून न्यायला पुरेशी वाहिनी नव्हती, म्हणून उत्पादन थांबवावं लागलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने वाहिन्यांचा भाग मोठा असलेला ट्रस्ट निवडावा, सौर-पवनचा वाटा नंतर वाढवावा.

भावाचा प्रश्न वेगळाच आहे आणि ज्येष्ठांना तो सर्वात जास्त झोंबतो. एफडीचा भाव रोज कुणी दाखवत नाही, युनिटचा रोज दिसतो. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. बँकेत जास्त मिळायला लागल्यावर लोक वर्षाला १० रुपये देणाऱ्या युनिटसाठी १०० रुपये कशाला मोजतील? साडेबारा टक्के हवेत म्हणाले, की भाव ८० वर येतो. पॉवरग्रिड इन्व्हिट १०० रुपयांना आला, नंतर बराच वर चढला आणि पुढे १०० च्याही खाली गेला. त्या काळातही प्रति युनिट वर्षाला १२ रुपयांचं वाटप चालूच होतं. लंडनच्या बाजारात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे २०१३ पासून ग्रीनकोट यूके विंड आणि टीआरआयजी यांच्यासारखे फंड आहेत, ब्रिटनमधल्या अनेक कुटुंबांनी आयसा नावाच्या करमुक्त बचत खात्यांत ते घेतले आहेत. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ च्या मध्यापर्यंत ०.१ टक्का होता, तो २०२३ च्या ऑगस्टपर्यंत ५.२५ टक्क्यांवर गेला. लाभांश येत राहिला, पण शेअरचा भाव मालमत्तेच्या मूल्याच्या बराच खाली घसरला. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनीही हे लक्षात ठेवावं, शिवाय ब्रिटनच्या फंडांच्या उत्पन्नाचा काही भाग बाजारातल्या विजेच्या दरावरही अवलंबून असतो.

भाव पडला की मोबाइलवर यील्डचा आकडा आपोआप फुगलेला दिसतो. तो आकडा बघून कुणी घाईने घ्यायला सांगितलं तर थांबा आणि भाव का पडला ते आधी शोधा.

दर वाढण्याचा दुसरा फटका कर्जातून बसतो. या ट्रस्टना मालमत्तेच्या ७० टक्क्यांपर्यंत कर्ज काढता येतं. ४९ टक्क्यांच्या वर जायला मात्र ट्रिपल ए पतमानांकन आणि सलग सहा वाटपांची नोंद लागते. कर्ज किती, त्यातलं स्थिर दराचं किती आणि येत्या दोन-तीन वर्षांत फेडायचं किती, हे तीन आकडे तिमाही निकालाच्या सादरीकरणात बहुधा एका पानावर मिळतात.

कराचं थोडक्यात सांगते. हप्त्यातलं व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. लाभांश करमुक्त की करपात्र, हे खालच्या कंपनीने कोणती करपद्धत निवडली त्यावर ठरतं, पत्रकात तसं लिहिलेलं असतं. भांडवल परतफेडीवर त्या वेळी कर नाही, पण तेवढ्याने तुमची खरेदी किंमत कमी धरली जाते. म्हणजे १०० ला घेतलेल्या युनिटवर १५ रुपये परत आले असतील, तर विकताना नफा ८५ पासून मोजायचा. अशा परतफेडींची बेरीज युनिटच्या मूळ विक्री किमतीच्या वर गेली तर वरची रक्कम करपात्र होते. हा नियम २०२३ च्या अर्थसंकल्पातून आला. जुलै २०२४ पासून बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलं तर दीर्घकालीन नफा धरतात. असा सगळा नफा मिळून वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. बारा महिन्यांच्या आत विकलं तर २० टक्के. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मागता येतो आणि मामांसारख्या कमी उत्पन्नाच्या माणसाने तो मागितलाच पाहिजे.

मग पैसे किती ठेवावेत? साठी ओलांडली असेल तर आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहा. तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला आणि मागे सरकार उभं आहे. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आहे. वर्ष-दीड वर्षाचा घरखर्च आणि दवाखान्याची तजवीज बँकेत असू द्या. हे सगळं झाल्यावर जे उरेल त्यातून, एकूण पुंजीच्या दहाव्या हिश्शाच्या वर न जाता, वीज ट्रस्टमध्ये यावं असं मी सांगते. तेही एकदम नाही, चार-सहा महिन्यांत थोडं थोडं. डीमॅट खात्यातून शेअरसारखीच खरेदी होते, फक्त काही युनिटांची रोजची उलाढाल कमी असते, त्यामुळे भाव ठरवून ऑर्डर टाका, मिळेल त्या भावाला नको.

'सोलर पॅनेल तुमच्या नावावर घ्या, दरमहा खात्रीचे पैसे घ्या' अशा जाहिराती गावोगावी फिरतात. सेबीकडे नोंदणी नसेल, युनिट डीमॅटमध्ये येत नसेल आणि सांगणारा 'खात्री' हा शब्द वापरत असेल, तर त्या दारात उभंही राहू नका. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या इन्व्हिटची यादी आहे, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही ती पाच मिनिटांत काढून देता येईल.

त्या दिवशी मामांनी पट्टी घेतली आणि वहीच्या नव्या पानावर तीन रकाने आखले. व्याज, लाभांश, मुद्दल परत. मागचे हप्तेही आम्ही शोधून त्यात भरले. तिसऱ्या रकान्याचा हिशोब वर्षाला ३,६०० रुपये निघाला. मामा चष्मा काढून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे हे बेण्याचे पैसे. हे खायचे नाहीत." पुढच्या सोमवारी त्यांनी पोस्टात दरमहा ३०० रुपयांची आरडी उघडली. तिचं पासबुक आता त्याच वहीत, त्या पानाला टाचून ठेवलेलं असतं.